दिव्यापाशी सांगितलेली नावं

आमचे हे पडघ्याला हायवेलगतच्या एका मोठ्या गोदामात कामाला आहेत. तुमचे मिस्टर काय करतात असं कोणी विचारलं तर मी सांगते, कॉम्प्युटरच्या चाव्या सांभाळतात. हे वाक्य त्यांनीच मला शिकवलंय. गोदामात नऊशे माणसं, आणि प्रत्येकाला एक आयडी. तो असेल तरच गेट उघडतं, हातातलं स्कॅनर चालतं, हजेरी लागते. नवीन माणूस आला की आयडी उघडायचा, माणूस सोडून गेला की बंद करायचा. बंद करायचा राहिला तर भलताच कोणी त्या नावानं आत शिरेल. बारा वर्षं हे काम तेच करतात.

त्यांचं नाव केसरीनाथ. या वहीत मी ते कधी लिहिलं नव्हतं. सव्वीस वर्षांत नुसतं ‘हे’ लिहून भागलं. पण आता जे लिहायचंय ते नावांबद्दलच आहे, तेव्हा त्यांचंच नाव झाकून ठेवणं बरं दिसत नाही. देवासमोर बसून लिहिते आहे, तो समजून घेईल.

लग्न होऊन मी कामतघरला आले तेव्हा ते नारपोलीच्या लूमच्या कारखान्यात तागे तपासायला होते. विणून आलेलं कापड टेबलावरून ओढत न्यायचं, नजर फिरवायची, तुटका धागा किंवा तेलाचा डाग दिसला की खडूनं खूण करायची. ताग्याच्या टोकाला विणणाऱ्याच्या लूमचा नंबर असे आणि त्याखाली तपासणाऱ्याची सही. व्यापाऱ्याकडून तागा परत आला की कारखान्याचा कारभार बघणारे मेहताजी विणकराच्या आधी यांना हाक मारायचे. ‘दाग उसका, छूटा तेरे से,’ असं म्हणत आणि चहा पाजत. हे घरी येऊन त्यांची नक्कल करायचे, मान हलवून, चष्मा नाकावर आणून. मला हसू यायचं. पण कापड बघायची ती सवय यांच्या डोळ्यांतून गेली नाही. अजून लग्नाला गेले की समोरच्याच्या शर्टाचा धागा बघतात. मी कोपरानं ढोसते.

कारखाना बंद झाल्यावर वयाच्या पस्तिशीत धामणकर नाक्याला कॉम्प्युटरच्या क्लासला बसले. वर्गात सगळ्यांपेक्षा मोठे. मास्तरांनाही लोक यांचा धाकटा भाऊ समजत. तिथून गोदाम, गोदामातून ही चाव्यांची खुर्ची.

आता वहीचं सांगते. मी रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावला की वहीत चार ओळी लिहिते. तिथी, नैवेद्याला काय केलं, कोण आलं-गेलं. हे सातच्या सुमारास येतात, हातपाय धुतात आणि दिव्यापाशी टेकतात. एकदा असेच गप्प बसले होते म्हणून विचारलं, काय झालं? म्हणाले, आज एका लोडरचा आयडी बंद केला. फोन लावला तर त्याच्या बायकोनं उचलला, म्हणाली तो गेला, कावीळ झाली होती. मग आम्ही दोघांनी त्याच्या नावानं एक फूल वाहिलं. त्या दिवसापासून रिवाजच पडला. ज्यांचे आयडी बंद केले त्यांची नावं हे सांगायचे, मी लिहायचे आणि प्रत्येकासाठी एक पाकळी ठेवायचे. कोणी गावी बिहारला परतलेला असे, कोणाला दुसरीकडे चांगली नोकरी मिळालेली असे. हे प्रत्येकाला फोन करूनच बंद करत, त्यामुळे नावाबरोबर गोष्ट यायचीच. “चिंधू. खारबावचा. भावाबरोबर टेम्पो घेतलाय त्यानं. खूश हाय.” मी लिहायचे, चिंधू, टेम्पो. देवाला एवढं पुरे.

गेल्या दिवाळीनंतर कंपनीत एआय आलं. म्हणजे कॉम्प्युटरमध्येच बसवलेलं एक डोकं. ते रात्रभर सगळे आयडी चाळतं आणि सकाळी यादी देतं, की हे हे बंद करा. प्रत्येकापुढे कारण आणि टक्के लिहिलेले. हा माणूस सोडून गेला असावा, ब्याण्णव टक्के. कंपनीचा नियम असा, की मशीननं सुचवायचं आणि ठरवायचं माणसानं. म्हणून यादीखाली ‘मंजूर’ असं बटण आणि बाजूला यांचं पूर्ण नाव.

सुरुवातीला हे खूश होते. लहान मुलाच्या कौतुकानं सांगायचे. मला वर्षभरात न सापडलेली खोटी नावं यानं आठवड्यात काढली गो, एकाच्या नावावर दोघं येत होते तेही पकडलं. यादीतली नावं हे पहिल्यासारखी फोन लावून तपासायचे, आणि मशीन बरोबर निघायचं. दुसऱ्या दिवशीही बरोबर, महिनाभर बरोबर. मग फोन कमी झाले. यादी मात्र वाढत गेली, दहाची वीस, विसाची चाळीस. कारण वरून पुण्याच्या ऑफिसनं ठरवलं होतं, की हंगामी माणसांचे वगैरे साठलेले हजारो जुने आयडी सहा महिन्यांत साफ झाले पाहिजेत.

घरात मला फरक दिसला तो एवढाच, की हे लवकर येऊ लागले. दिव्यापाशी टेकायचे, मी पेन उघडायचे. “आज किती?” “चाळीस.” मी लिहायचे, चाळीस. चाळीस पाकळ्या कुठून आणणार, म्हणून एक अख्खं फूल ठेवायचे. मला त्यात काही खटकलं नाही, हे कबूल करते. नवरा वेळेवर जेवतोय यात बायकोला सुखच वाटतं.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची गोष्ट. दोघांचाही उपास होता. संध्याकाळी हे आले, हातपाय न धुताच ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. साबुदाण्याची ताटली पुढे ठेवली तर सरकवून दिली. मग एकेक सांगू लागले.

सकाळी गेटवरून वॉचमननं बोलावलं होतं. एक बाई हटून बसलीय, जात नाही. जाऊन बघतात तर रूपा. दिघाशीची, तिशीच्या आतली, गोदामात ऑर्डरचा माल काढणारी. माघात बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, जाताना यांना लाडू देऊन गेली होती, पेढे मुलगा झाल्यावर, म्हणाली होती. सहा महिन्यांनी कामावर आली तर कार्ड लागेना. वॉचमनच्या पडद्यावर लाल अक्षरात, अशी व्यक्ती नाही. शुक्रवारी परत गेली, शनिवारी परत गेली, सोमवारी सकाळपासून उभी होती. बाळ घरी सासूकडे. चार तास झाले होते, दूध दाटून बाईचा पदर ओला झाला होता, आणि तिनं तो फाईलनं झाकला होता. हे सांगताना यांनी मान खाली घातली.

यांनी आत येऊन तिचा आयडी शोधला. ज्येष्ठात बंद झालेला. कारण : एकशेवीस दिवस वापर नाही, नोकरी सोडली असावी, सत्त्याण्णव टक्के. बाळंतपणाची रजा वेगळ्या रजिस्टरमध्ये होती, ती मशीनला कोणी दाखवलीच नव्हती. आणि खाली, मंजुरी : केसरीनाथ. आयडी बंद झाला म्हणून माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला आपोआप कळलं की जागा रिकामी, आणि त्यानं दुसरी बाई भरली होती.

हे बाहेर गेले. रूपानं विचारलं, काका, माझं कार्ड कोणी बंद केलं?

“आणि मी काय बोललो ठाव हाय तुला?” हे मला म्हणाले. “मी बोललो, सिस्टीमनं.”

मी दिव्यात तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. यांचे मॅनेजर मनोज, वयानं लहान, स्वभावानं वाईट नाही, यांना केसरीदादा म्हणतात. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. रूपानं शनिवारीच कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज दिला होता आणि पुण्याच्या ऑफिसनं विचारणा केली होती. तिथे क्षितिजा नावाची एक मुलगी आहे, कंपनीत कॉम्प्युटर कोण, कसा, कोणाच्या परवानगीनं वापरतो त्यावर लक्ष ठेवायचं तिचं काम. शुक्रवारी ती व्हिडिओवर चौकशी घेणार होती. मनोजनी अहवाल तयारच ठेवला होता. त्यात लिहिलं होतं, निर्णय स्वयंचलित प्रणालीचा. खाली यांची सही हवी होती. मनोज म्हणाले, दादा, मशीनला कोण मेमो देणार? ते ना पगार मागतं ना पोरांची फी भरतं. तुम्ही कशाला मान पुढे करता? तुमची पाच वर्षं राहिलीत.

मनोजचं म्हणणं प्रेमाचंच होतं. तो कागद हे घरी घेऊन आले. सही केलेली नव्हती, पण करणार होते, ते मला त्यांच्या पेन शोधण्यावरून कळलं.

आमची दिवेलागण झाली होती. यांनी विचारलं, रूपाचं नाव तुझ्या वहीत असेल ना? ज्येष्ठातलं? मी त्या वेळी काही ना काही सांगितलं असेल, की दिघाशीची रूपा, बाळंतपणाला गेली. बघ जरा. म्हणजे मी वाचलं होतं, नजरचूक झाली, असं तरी म्हणता येईल.

मी वही काढली. कार्तिकातली पानं आली. चिंधू, टेम्पो. ठकुबाई, मुलीकडे वसईला. रामसुरत, गावी शेती. मार्गशीर्षातही नावं होती, फक्त गोष्टी नव्हत्या. पौषात अर्धी नावं, बाकी ‘आणि इतर’. माघ शुद्ध एकादशीला शेवटचं नाव, लडकू. त्याच्यापुढे काही नाही. त्यानंतर आकडे. बावीस. एकतीस. चाळीस. चाळीस. अडतीस. चाळीस. ज्येष्ठाचं अख्खं पान आकड्यांचं. मध्ये मध्ये माझं, वटपौर्णिमा, आंबे आणले.

मी ते पान त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, “यात रूपा कुठल्या चाळिसात आहे, ते मला सांगता येणार नाही.”

त्यांनी बोटानं एकेक आकडा तपासला, तागा तपासायचे तसा. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि मेहताजींचं ते वाक्य हळूच म्हणाले, दाग उसका, छूटा तेरे से. या वेळी नक्कल केली नाही. पेन खिशात गेलं. तो कागद तसाच टीव्हीखाली राहिला, अजून आहे, मध्ये एकदा मी त्यावर मेथी निवडली.

बुधवारी त्यांनी सुट्टी टाकली. स्कूटरवर मला मागे बसवून दिघाशीला निघाले. मी बाळासाठी अंगडं-टोपडं आणि डिंकाचे लाडू घेतले होते. वाटेत खड्डा आला की ‘धर’ म्हणायचे, तेवढंच.

रूपाचं घर कौलारू, पुढे भाताची खाचरं. तिनं यांना पाहिलं आणि पदर सावरून खुर्ची आणली. सासू पाणी घेऊन आली. रूपाच्या मांडीवर मुलगी होती, म्हणजे पेढे नव्हतेच, मुलगी झाली की वाटतात ती जिलबी. हे खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, “रूपा, सोमवारी मी तुला खोटं बोललो. तुझं कार्ड सिस्टीमनं न्हाय बंद केलं. मी केलं.”

तिला कळेना. “तुम्ही का करशाल काका? मी तर तुम्हाला सांगून गेलेली.”

“नाव आलं यादीत. मी वाचलं न्हाय.”

रूपा खूप वेळ मुलीची मूठ उघडत बसली, एकेक बोट. मला वाटलं आता रडेल, किंवा आम्हाला जा म्हणेल. म्हणाली, “तीन दिवस त्या वॉचमनला सांगत होते, मी हाय ना इथं उभी. तो बोलायचा, पडद्यावर न्हाय. मला वाटाया लागलं, मीच कायतरी चुकले.” मग यांच्याकडे बघितलं. “आता तुम्ही बंद केलंत ना? मग तुम्हीच उघडा.”

हे म्हणाले, उघडणं माझ्या एकट्याच्या हातात राहिलेलं नाही, जागा भरली गेलीय. पण शुक्रवारी सांगतो. सासूनं विचारलं, सांगून तुमचं काय होईल? हे म्हणाले, बघू. सासूनं लाडू काढून घेतले आणि डबा रिकामा न देता त्यात मूठभर तांदूळ घालून परत दिला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारची चौकशी मी पाहिली नाही, यांनी सांगितली तशी लिहिते. त्या दिवशी मी सकाळीच वऱ्हाळदेवीला जाऊन ओटी भरून आले होते. काय मागावं ते कळेना. यांची नोकरी राहू दे म्हणावं, तर ती खोट्यानंही राहणारच होती. म्हणून मागितलं, की यांची जीभ अडखळू देऊ नको.

पडद्यावर क्षितिजा, इकडे मनोज आणि हे. मनोजनी स्वयंचलित प्रणालीचं सांगितलं. क्षितिजानं ऐकून घेतलं आणि यांना विचारलं, केसरीनाथ, रूपाचं नाव असलेल्या यादीत चाळीस जण होते. ती उघडल्यापासून मंजूर होईपर्यंत अकरा सेकंद लागलेत, अशी नोंद आहे. तुम्हाला काय सांगायचंय?

हे म्हणाले, “बरोबर हाय. अकरा सेकंदांत चाळीस माणसं वाचता येत न्हाईत. मी वाचली न्हाईत. सगळे निवडले आणि दाबलं. मशीननं चुकीचं सुचवलं ते त्याचं. जाऊ मी दिलं.”

मनोजनी कपाळाला हात लावला म्हणे.  मग क्षितिजानं जे विचारलं ते बारा वर्षांत यांना कोणी विचारलं नव्हतं. नीट वाचून, फोन लावून, दिवसाला किती नावं होतील तुमच्याकडून?

यांनी मनातल्या मनात कार्तिकातली पानं मोजली असणार. म्हणाले, बारा. पंधरा म्हणालो तर परत खोटं होईल.

आणि मग भाबडेपणानं वहीचंही सांगून टाकलं. की आमच्या घरात अशी अशी वही आहे, त्यात नावं होती तोवर मी माणसं बघत होतो, आकडे आले तसा बघायचा थांबलो. त्यावर क्षितिजा हसली आणि लगेच गंभीर होऊन म्हणाली, कामगारांची नावं ऑफिसबाहेर सांगणं हेही नियमात बसत नाही. आडनाव, नंबर, काहीही घरी जाता कामा नये. हे म्हणाले, आडनाव देवाला लागतच न्हाय मॅडम. तेवढ्यावर ते निभावलं.

निकाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत हे रोज दिव्यापाशी टेकायचे आणि काहीच सांगायचे नाहीत, कारण याद्या थांबवल्या होत्या. मी तिथी लिहून वही मिटायचे. एकदा मध्येच म्हणाले, नोकरी गेली तर परत तागे तपासीन, डोळे शाबूत हायेत अजून. भिवंडीत आता तसे कारखाने राहिलेत तरी किती, हे दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, तपासा की, मी खडू देईन.

निकाल आला तो असा. रूपाला तिच्या जागी परत घ्यायचं, अर्ज आल्यापासून नव्हे, तर ती पहिल्यांदा गेटवर आली त्या शुक्रवारपासून हजर धरायचं. तिच्या जागी घेतलेल्या बाईलाही काढायचं नाही, दुसऱ्या विभागात द्यायचं. हे कलम यांनी क्षितिजाकडे वेगळा अर्ज करून मागितलं होतं, मला नंतर कळलं. यादीतलं ‘सगळे निवडा’ काढून टाकायचं. रजेचं रजिस्टर मशीनला जोडायचं. दिवसाला बारापेक्षा जास्त नावं एका माणसाकडे पाठवायची नाहीत, आणि प्रत्येक नावापुढे मंजुरी देणाऱ्यानं कारण स्वतःच्या शब्दांत लिहायचं. पुण्याची सहा महिन्यांची मुदत गेली बारा महिन्यांवर. आणि केसरीनाथ यांना लेखी ताकीद, यंदाची बढती थांबवली.

ताकिदीचं पत्र यांनी घरी आणलं. मिळाल्याची सही करायची होती. त्यांनी ती नेहमीसारखी खाली मधोमध केली नाही. उजव्या टोकाला, अगदी कडेला केली, ताग्यावर करायचे तिथे. मला म्हणाले, बढती गेली गो. मी म्हटलं, जेवायला बसा. भरली वांगी केली होती. दोनदा घेतली.

मशीन अजून आहे. हे त्याच्यावर रागावलेले नाहीत, उलट आता त्याच्याशी भांडतात आणि घरी येऊन सांगतात, आज त्यानं अठ्ठ्याण्णव टक्के म्हटलं आणि मी नाही म्हटलं, माणूस हर्नियाच्या ऑपरेशनला गेला होता. आणि कधी, आज त्याचंच खरं निघालं, मी उगीच फोन केला. घरी यायला परत साडेसात होतात. भाजी दोनदा गरम करावी लागते.

रूपा भाद्रपदात कामावर गेली, हरितालिकेच्या आदल्या दिवशी. त्या संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, दिव्यापाशी टेकले. मी पेन उघडलं. नऊ नावं होती, बंद झालेली. सावकाश सांगितली, मध्ये दोन जणांच्या गोष्टी लांबल्या, मला मान वर करून ‘हळू’ म्हणावं लागलं. नऊ पाकळ्या ठेवून झाल्या तरी उठेनात.

“अजून एक लिही,” म्हणाले. “उघडलेलं.”

उघडलेली नावं आम्ही आजवर कधी लिहिली नव्हती. मी विचारलं, याला पाकळी ठेवायची की अख्खं फूल? त्यांनी स्वतः उठून परसातलं जास्वंदीचं फूल तोडून आणलं, अंधारात कुठलं हाती लागलं ते. अर्धं उमललेलं होतं. ते त्यांनीच वाहिलं.

मी लिहिलं : रूपा. मुलगी, सहा महिन्यांची. गेट उघडलं.